ब बदकातला की ड डमरूतला?

गेल्या आठवड्यात आमच्या टीममधल्या नव्या मुलाने शेअरपॉइंटचा (ऑफिसच्या साइट्स आणि कागदपत्रं सांभाळणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) फार्म, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरचा संच, उभा करायला घेतला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, डेटाबेसची नावं आपण कशाला ठरवायची? विझार्ड देतोच की." प्रश्न काही चुकीचा नव्हता. २०१० च्या आवृत्तीवर मी माझा पहिला फार्म उभा केला तेव्हा मलाही हेच वाटलं होतं. मी तर विचारलंसुद्धा नव्हतं, 'नेक्स्ट' दाबत गेले आणि संध्याकाळी खुशाल घरी गेले.

विझार्ड, म्हणजे पायरीपायरीने मांडणी करून देणारा प्रोग्राम, नाव देतो हे खरं. सेंट्रल अ‍ॅडमिनचा, म्हणजे फार्म सांभाळायच्या साइटचा, जो डेटाबेस तयार होतो त्याचं नाव 'शेअरपॉइंट_अ‍ॅडमिनकंटेंट_' असं सुरू होतं आणि पुढे एक ग्विड चिकटतो. ग्विड म्हणजे दुसरीकडे न सापडणारी ओळखखूण, ३२ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि ए ते एफ) आणि मध्ये चार डॅश: आठ, चार, चार, चार, बारा. रोमन लिपीत मोजलं तर आख्खं नाव ६० अक्षरांचं होतं. हे डेटाबेस ज्यावर राहतात तो एसक्यूएल सर्व्हर १२८ अक्षरांपर्यंतचं नाव चालवून घेतो, त्यामुळे त्याची काहीच तक्रार नसते. तक्रार असते ती माणसाची, आणि तीही बऱ्याच उशिरा सुरू होते.

सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशन्स (शोध, प्रोफाइल अशा फार्ममधल्या सोयी) विझार्डनेच करून घेतली तर प्रत्येकाच्या डेटाबेसला असंच शेपूट. मॅनेज्ड मेटाडेटा (टॅगसाठी), यूजर प्रोफाइलचे तीन, सर्चचे तीन, सिक्युअर स्टोअर (पासवर्डसाठी), बीडीसी (बाहेरच्या डेटासाठी)... बघता बघता पंधरावीस डेटाबेस होतात. ही शेपटं उगाच लावलेली नाहीत, हे आधीच सांगते. एकाच एसक्यूएल इन्स्टन्सवर (एसक्यूएल सर्व्हरच्या एका चालू प्रतीवर) दोन फार्म असू शकतात, एकाच फार्ममध्ये एकाच प्रकारची दोन सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशन्स असू शकतात, आणि विझार्डला पुढचं काही ठाऊक नसतं. कधीच टक्कर होणार नाही असं नाव द्यायचं तर ग्विडइतका भरवशाचा उपाय नाही. विझार्डच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. पण विझार्ड फार्म उभा करून मोकळा होतो, पुढची सहासात वर्षं त्या नावांबरोबर नांदायचं असतं आपल्याला.

आता ती रात्र. एका क्लायंटकडे एकाच इन्स्टन्सवर दोन फार्म होते, एक प्रॉडक्शन आणि एक टेस्ट. दोन्ही विझार्डने केलेले, दोन्ही मीच केलेले. टेस्ट फार्म बंद करायचा ठरला, त्याचे सर्व्हर आधीच उतरवले गेले आणि डेटाबेस मात्र तसेच राहिले. काही आठवड्यांनी डेटाची ड्राइव्ह भरत आली आणि रात्री अकराच्या सुमारास डीबीएंचा (डेटाबेस सांभाळणाऱ्यांचा) फोन आला. माझ्यापेक्षा वयाने मोठे, शांत गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, टेस्टचे डेटाबेस काढतो म्हणजे जागा होईल. कुठले ठेवायचे तेवढं सांगा."

टेस्टचे सर्व्हर बंद, त्यामुळे त्या फार्मला विचारायची सोय नव्हती. प्रॉडक्शनवर पॉवरशेलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, गेट-एसपीडेटाबेस चालवलं, यादी समोर आली. ती कॉपी करून पाठवता आली असती, पण त्या क्लायंटकडच्या रिमोट सेशनमध्ये सुरक्षेच्या नियमामुळे क्लिपबोर्ड बंद होता. ३६ अक्षरांच्या शेपटांची पंधरावीस नावं हाताने टाइप करायचा मला कंटाळा आला. मग आमचं ठरलं की फोनवरच जोड्या लावू, आणि पूर्ण ग्विड कशाला, सुरुवातीची दोन अक्षरं पुरेत.

सात-आठ जोड्या बिनबोभाट लागल्या. मग ते म्हणाले, "मॅनेज्ड मेटाडेटाचे दोन दिसतायत. ठेवायचा कुठला?"

"बी चारवाला."

"डी चार. बरोबर?"

"हो हो, बरोबर."

हेक्समध्ये ए ते एफ अशी सहाच अक्षरं. त्यातल्या बी, सी, डी, ई या चौघांचा शेवट एकाच सुरात होतो. त्यात लाइन खरखरत असेल आणि घड्याळात साडेअकरा वाजलेले असतील तर बी काय आणि डी काय. आणि आमच्या नशिबाने एकाची सुरुवात बी४ होती आणि दुसऱ्याची डी४.

सकाळी नऊला पहिला फोन. डॉक्युमेंटला टॅग लावता येत नाहीत. मग दुसरा, मग तिसरा. सेंट्रल अ‍ॅडमिनमध्ये टर्म स्टोअर, म्हणजे टॅगचा साठा, उघडायला गेले तर ते उघडेना. पोटात खड्डा पडला. प्रॉडक्शनचा मॅनेज्ड मेटाडेटाचा डेटाबेस रात्री गेला होता, आणि रिकामा टेस्टचा मजेत जागेवर होता.

वाचलो ते त्या गृहस्थांच्या सवयीमुळे. कुठलाही डेटाबेस ते थेट काढून टाकत नाहीत. आधी ऑफलाइन करतात, आठवडाभर कोणी ओरडतंय का बघतात आणि मगच काढतात. ड्राइव्हवर त्यांनी रात्री तात्पुरती जागा केली होती ती जुने बॅकअप हलवून. त्यामुळे डेटाबेस ऑनलाइन करायला एक ओळ पुरली. नंतर ते एवढंच म्हणाले, "त्याला चालू कनेक्शन्स होती, मॅडम. ती तोडायचा पर्याय दिला तेव्हाच मला खटकायला हवं होतं." मी काय बोलणार? यादी माझी, नावं माझ्या आळसाची, आणि 'हो हो, बरोबर' पण मीच म्हटलेलं.

तेव्हापासून आम्ही दोघं फोनवर एकेक अक्षर बोलतो तेव्हा 'ब बदकातला की ड डमरूतला' असं विचारतो. त्या रात्री विचारलं असतं तर ही पोस्ट लिहायची वेळ आली नसती.

नंतर एका शनिवारी नावं सुधारायला बसले. एक शनिवार पुरेल असं वाटलं होतं. प्रत्येक सर्व्हिसची तऱ्हा वेगळी निघाली.

कंटेंट डेटाबेस, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष साइट्स असतात तो, सगळ्यात गरीब गाय. डिसमाउंट करा (फार्मपासून सोडवा), एसक्यूएलमध्ये नाव बदला, नव्या नावाने माउंट करा, झालं. सेंट्रल अ‍ॅडमिनच्या डेटाबेससाठी वेगळी वाट घेतली: त्याच वेब अ‍ॅप्लिकेशनला चांगल्या नावाचा नवा कंटेंट डेटाबेस जोडला, जुन्यातल्या साइट्स मूव्ह-एसपीसाइटने तिकडे नेल्या आणि रिकामा जुना काढला. मॅनेज्ड मेटाडेटासाठी सर्व्हिस थांबवून, नाव बदलून, सेट-एसपीमेटाडेटासर्व्हिसअ‍ॅप्लिकेशनला नवं नाव सांगितलं. हे तिन्ही दुपारच्या आत उरकलं आणि मी स्वतःवर खूश झाले.

मग यूजर प्रोफाइल आलं. सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशन काढायचं पण डेटा ठेवायचा, डेटाबेसची नावं बदलायची आणि त्याच नावांनी सर्व्हिस पुन्हा करायची म्हणजे ती जुने डेटाबेस उचलते. ऐकायला सोपं आहे. २०१० मध्ये ज्यांनी सिंकची सर्व्हिस चालू करून 'स्टार्टिंग' या शब्दाकडे तासन् तास पाहिलं आहे त्यांना बाकीचं सांगायला नको. सिक्युअर स्टोअरला 'की' (किल्ली) रिफ्रेश करायला मूळ पासफ्रेज (लांब पासवर्ड) लागली. ती माझ्या डायरीत होती म्हणून निभावलं. सर्चच्या नादी मी लागलेच नाही. ते आख्खं काढलं, नवीन केलं, फुल क्रॉल (सगळा मजकूर पहिल्यापासून वाचून शोधसूची करणं) लावला आणि झोपायला गेले.

आणि कॉन्फिगरेशन डेटाबेस? त्याला हात लावायचा नाही. फार्ममधला प्रत्येक सर्व्हर त्या डेटाबेसचं नाव आपल्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) बाळगून असतो, कनेक्शन स्ट्रिंगच्या रूपात. फार्मची सगळी माहिती त्यातच. त्याचं नाव बदलणं म्हणजे फार्म पुन्हा उभा करण्यातला प्रकार. त्यामुळे हे नाव देताना मी आता एकेक अक्षर मोठ्याने वाचते. कारण एका दुसऱ्या फार्मवर मी 'कॉन्फिग' टाइप करताना एक 'आय' खाल्ला आणि एंटर दाबला. तो डेटाबेस 'कॉन्फग' म्हणून जन्मला आणि फार्म निवृत्त होईपर्यंत 'कॉन्फग'च राहिला. नवा कोणी आला की त्याला ती चूक दिसायची, तो मोठ्या उत्साहाने मला सांगायचा आणि मी मान डोलवायचे.

शनिवारच्या कामाचं एक उपकथानक तीन महिन्यांनी उघडकीला आलं. आधीच्या एका चुकीचा छडा लावायला मॅनेज्ड मेटाडेटाचा जुना बॅकअप त्याच इन्स्टन्सवर वेगळ्या नावाने रिस्टोर करायला गेले, तर एसक्यूएल म्हणे फाइल आधीच वापरात आहे. नाव वेगळं, तरी फाइल तीच कशी? तर डेटाबेसचं नाव बदललं की फक्त वरची पाटी बदलते. डिस्कवरच्या एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) फाइल्सची नावं जुनीच राहतात, आतली लॉजिकल नावंही जुनीच. माझ्या सुबक नावाखाली तोच बी४वाला ग्विड निवांत पसरलेला होता. रिस्टोर करताना फाइल्स दुसरीकडे हलवायचा पर्याय द्यावा लागला, आणि मूळ फाइल्सची नावं बदलायला डेटाबेस पुन्हा ऑफलाइन. नाव पहिल्या दिवशी नीट दिलं की फाइललाही तेच लागतं, हा फायदा मला कोणी सांगितला नव्हता.

ग्विडमधल्या डॅशबद्दलही थोडं रडते. नावात डॅश असला की टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या भाषेत) ते चौकोनी कंसात लिहावं लागतं. बॅकअपची एक स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली होती, नावं जोडून कमांड तयार करणारी, आणि कंस घालायला विसरले होते. साध्या नावांवर ती छान चालायची. ग्विडवाल्यांवर चूक देऊन पुढच्याकडे जायची, आणि चुकीची नोंद ज्या फाइलमध्ये जायची ती फाइल उघडणारीही मीच एकटी. कळलं तेव्हा काही डेटाबेसचा बॅकअप तीन आठवडे झालाच नव्हता. आता कंस आपोआप घालणारं क्वोटनेम वापरते.

मग नावं कशी द्यायची? मी त्या मुलाला सांगितलं ते इथे सांगते, आणि हे माझं मत आहे, कुठला नियम नाही.

सुरुवातीला फार्मची छोटीशी खूण, दोन-चार अक्षरांची. एसक्यूएल मॅनेजमेंट स्टुडिओ डेटाबेस वर्णानुक्रमे दाखवतो, म्हणजे एका फार्मचं कुटुंब आपोआप एकत्र बसतं. पुढे कामाचं नाव: कॉन्फिग, अ‍ॅडमिनकंटेंट, मेटाडेटा, प्रोफाइल, स्टेट. कंटेंट डेटाबेसला त्यापुढे क्रमांक, आणि तो दोन आकडी, ०१, ०२ असा. नुसता १ लिहिला की दहावा डेटाबेस आल्यावर १ नंतर १० येतो आणि मग २. कंटेंट डेटाबेस साधारण २०० जीबीच्या आत ठेवावा अशी अधिकृत शिफारस आहे, म्हणजे वापर वाढला की नवे डेटाबेस येत राहणार हे गृहीत धरायचं.

विभागाचं नाव मी घालत नाही. विभाग एकत्र होतात, फुटतात, नावं बदलतात, आणि साइट कलेक्शन (साइट्सचा गट) एका डेटाबेसमधून दुसऱ्यात हलवता येतं. 'अकाउंट्स' नावाच्या डेटाबेसमध्ये फक्त एचआरच्या साइट्स, हे मी पाहिलंय. आवृत्तीही घालत नाही. शेअरपॉइंट २०१३ वरून २०१६ वर जायचं तर कंटेंट डेटाबेसचा बॅकअप नेऊन नव्या फार्मला जोडतात, तो तिथे अपग्रेड होतो. नावातलं '२०१३' मात्र तसंच राहतं आणि पुढच्या माणसाला वाटतं हा जुना आहे, काढून टाकला तरी चालेल. त्या रात्रीनंतर 'काढून टाकला तरी चालेल' हे वाक्य मला भुतासारखं वाटतं.

'प्रॉड' आणि 'टेस्ट' घालावं का, यावर त्या डीबीएंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. माझं म्हणणं, दोन्ही वेगळ्या इन्स्टन्सवर ठेवा आणि नावं अगदी एकसारखी ठेवा, म्हणजे प्रॉडक्शनचा कंटेंट टेस्टवर रिस्टोर करताना स्क्रिप्टमध्ये काही बदलावं लागत नाही. त्यांचं म्हणणं, रात्री चुकीच्या विंडोत कमांड टाइप करणाऱ्याला नावातला 'प्रॉड'च वाचवतो. मी म्हणते, त्यासाठी मॅनेजमेंट स्टुडिओत कनेक्शनला लाल रंग द्या. ते म्हणतात, रंग झोपेत दिसत नाही. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

खुणेच्या बाबतीत एक खबरदारी. अंडरस्कोअर आपण विभाजक म्हणून वापरतो, पण टी-एसक्यूएलच्या लाइक या शोधशब्दात अंडरस्कोअर म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. आमची खूण एस-पी होती आणि देखभालीच्या स्क्रिप्टमध्ये मी 'एसपी, अंडरस्कोअर, टक्का' असा शोध घातला होता. त्याच इन्स्टन्सवर सुट्या भागांचा 'स्पेअर्स' नावाचा डेटाबेस होता. रोमनमध्ये तोही एस-पीनेच सुरू होतो. माझी स्क्रिप्ट महिनाभर परक्याच्या डेटाबेसची सेवा करत होती आणि तिथल्या लोकांना रोज पहाटे सगळं मंद का होतं ते कळत नव्हतं. अंडरस्कोअर चौकोनी कंसात टाकला की तो फक्त अंडरस्कोअर राहतो.

हे सगळं विझार्डकडून होत नाही. कॉन्फिगरेशन विझार्ड कॉन्फिग डेटाबेसचं नाव विचारतो, पण अ‍ॅडमिनकंटेंटचं विचारत नाही. पॉवरशेलमधल्या न्यू-एसपीकॉन्फिगरेशनडेटाबेसला दोन्ही नावं देता येतात, आणि दुसरं द्यायला विसरलात तर शेपूट हजर. सर्व्हिस अ‍ॅप्लिकेशन्सही पॉवरशेलनेच करायची. प्रोफाइलला तीन वेगळी नावं द्यावी लागतात: प्रोफाइल, सिंक आणि सोशल. सर्चचं थोडं निराळं आहे. २०१३ पासून तुम्ही एकच नाव देता आणि त्याचे चार डेटाबेस होतात, एक तुमच्या नावाचा आणि बाकी तिघांना क्रॉलस्टोअर, लिंक्सस्टोअर, अ‍ॅनालिटिक्सरिपोर्टिंगस्टोअर अशी शेपटं. ही शेपटं चालतील, वाचता तरी येतात. सगळं हाताने लिहायचं नसेल तर ऑटोएसपीइन्स्टॉलर नावाची तयार स्क्रिप्ट आहे. त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये खूण एकदा लिहिली की ती सगळीकडे लागते.

त्या मुलाला मी पॉवरशेल उघडायच्या आधी एक्सेल उघडायला लावलं. एका ओळीत एक डेटाबेस: नाव, कशासाठी, कुठल्या फार्मचा. अर्ध्या तासाचं काम, पण त्याचा चेहरा पाहून वाटलं मी त्याला शुद्धलेखन लिहायला बसवलंय. पहिल्या ओळीतलं कॉन्फिगचं स्पेलिंग मी तीनदा तपासलं. का, ते त्याला सांगितलं नाही.

परवा फार्म उभा राहिला. सगळी नावं एका रांगेत, स्वच्छ. दुपारी त्याचा फोन, "मॅडम, यादीत एक जास्तीचा दिसतोय. डब्ल्यूएसएस_कंटेंट आणि पुढे मोठं काहीतरी." त्याने चाचणीसाठी एक वेब अ‍ॅप्लिकेशन सेंट्रल अ‍ॅडमिनच्या स्क्रीनवरून केलं होतं. तिथे डेटाबेसच्या चौकटीत नाव आधीच भरून येतं, ग्विडसकट, आणि त्याने खाली न बघता ओके दाबलं होतं.

"काढून टाकू का? नाव वाचून दाखवतो. बी सात..."

"वाचू नकोस," मी म्हटलं. "कॉपी करून पाठव."